मधला अर्धा सेकंद

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्री जेवायला बसलो होतो. पिठलं होतं, वहिनी तव्यावरून भाकऱ्या काढत होती आणि तिनं आतूनच विचारलं, "अहो, अजून एक टाकू का?" दादानं ताटाकडं पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं आणि गप्प राहिला. फार नाही, एक श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ. तेवढ्यात माझी भाची म्हणाली, "पप्पा, नेटवर्क गेलं का?" सगळे हसलो. आई हसली, वहिनी आतून हसली, मीही हसले. दादाही हसला, पण आमचं हसून झाल्यावर. मग म्हणाला, "अर्धी." ताटं उचलेपर्यंत सगळे ते विसरलेही होते. माझ्या मनातून मात्र ते जाईना. दादाला फौजेतून पेन्शनवर येऊन चार वर्षं होत आली. घरात आहे, हाकेच्या अंतरावर आहे, आणि तरी कुणी काही विचारलं की उत्तराआधी थांबतो. तो थांबा माझ्या ओळखीचा आहे. मी तो फोनवर ऐकलेला आहे.

'वर' हा आमच्या घरातला शब्द. मुलगा कुठं असतो म्हणून कुणी विचारलं की आई सांगायची, "वर आहे." लडाखमधलं कुठलंतरी उंच ठाणं, एवढंच आम्हाला ठाऊक. नाव त्यानं कधी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. मोबाइलला रेंज असायचा प्रश्नच नव्हता. बीएसएनएलचा उपग्रहावर चालणारा फोन होता, तोही सगळ्यांत मिळून एक. तेव्हा मिनिटाला पाच रुपये पडायचे. जवानांसाठी एक रुपया झाला तो २०१७च्या दिवाळीत, आणि तोवर दादा खाली उतरला होता. रांग असायची. मागचा पोरगा पाय आपटत उभा असायचा, थंडीनं. रविवारी सकाळी नऊ ते अकरा आमच्या घरात कुणी मिक्सर लावायचं नाही, टीव्ही लावायचं नाही. मीही सासरचं आवरून तेवढ्यासाठी माहेरी यायचे. फोन वाजला की आधी आई, मग अण्णा, मग वहिनी, उरलं तर मी. "कसा आहेस?" विचारलं की पलीकडं शांतता. घाबरून आपण "हॅलो?" म्हणायचं आणि नेमकं त्याच क्षणी त्याचं "बरा आहे" यायचं. दोन्ही आवाज एकमेकांवर आदळायचे. मग दोघंही थांबायचो, तू बोल म्हणून. मग दोघंही एकदम बोलायला लागायचो. कधीकधी तर स्वतःचंच "हॅलो" परत यायचं, पातळ होऊन, विहिरीतून आल्यासारखं. पाच मिनिटांतलं एक मिनिट यातच जायचं.

मला तो थांबा लागायचा. मी शाळेत शिकवते. माझ्या वर्गाचा दहावीचा निकाल पहिल्यांदा शंभर टक्के लागला तेव्हा सगळ्यांत आधी दादाला सांगायचं ठरवून मी रविवारपर्यंत कळ काढली होती. सांगितलं, आणि पलीकडं काहीच नाही. मग "अरे वा!" आलं. उत्साहानं सांगितलेल्या गोष्टीवर उशिरा आलेलं "अरे वा" हे अरे वा राहत नाही. ते उपचार होतं. असं दहा वेळा, वीस वेळा झालं की माणूस मनात हिशेब मांडायला लागतो. याला आता आपल्यात रस नाही, तिकडचाच झाला हा, बोलायचं म्हणून बोलतो. एकदा मी रागानं तसं म्हणालेही. "तुला आता आमचं काही वाटत नाही का रे?" त्यावरही तेवढीच शांतता आली. तीच लांबी, तोच पोकळ आवाज. त्या शांततेला मी उत्तर समजले आणि फोन वहिनीच्या हातात दिला.

तेव्हा त्या शांततेची लांबी कुणी मला किलोमीटरमध्ये सांगितली असती तर.

ती मला कळली एका पोस्टाच्या तिकिटामुळं. आमचे वडील, अण्णा, गावचे डाकपाल. घराच्या पडवीतच पोस्ट होतं; एक लोखंडी पेटी, वजनकाटा, शिक्क्याचा ठोकळा आणि शाईची उशी, जिचा वास अजून त्या कोनाड्याला येतो. तिकिटं जमवायचा त्यांना नाद होता. पण अल्बम वगैरे नाही. दोनशे पानी वहीत ते तिकीट खळीनं चिकटवायचे आणि खाली बारीक अक्षरात तारीख घालायचे. अण्णा गेल्यावर ती वही माझ्याकडं आली. त्यात एका पानावर मधोमध एकच तिकीट आहे, वीस पैशांचं, आर्वीच्या उपग्रह केंद्राचं. खाली लिहिलंय, 'दि. २६-२-७२. आपली आर्वी.' बाकी पानांवर आठ-आठ, दहा-दहा तिकिटं दाटीनं बसवलेली. गांधीजी, पक्षी, देवळं, धरणं. या पानावर एकट्या आर्वीला जागा. आणि 'आपली' हा शब्द अख्ख्या वहीत दुसरीकडं कुठं नाही.

आपलीच म्हणायची. नारायणगावच्या बाजूची. लहानपणी एसटीतून जाताना खिडकीतून ती पांढरी छत्री दिसायची. आधी झाडांच्या वर एक कड, मग अर्धी वाटी, मग सगळी. आकाशाकडं तोंड करून, दक्षिणेला आणि जराशी पश्चिमेला कललेली. दादा खिडकीची जागा घ्यायचा आणि ती दिसली की माझं डोकं धरून तिकडं वळवायचा. "तिच्यात बोललं की लंडनला ऐकू जातं," असं त्यानं मला सांगितलं होतं, आणि मी बसच्या खिडकीतून "ओ लंडन!" म्हणून ओरडले होते. आता त्या भागात नव्या पोरांना डिश म्हटलं की खोडद आठवतं, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आठवते, कारण तिथं पंचेचाळीस मीटरच्या तीस तबकड्या आहेत आणि जगभरातले लोक त्या पाहायला येतात. पण त्या नुसत्या ऐकतात. दूरच्या ताऱ्यांचं, हायड्रोजनचं. कुणाला काही सांगत नाहीत. आर्वीची तबकडी बोलायची. तिच्यातून बाप लेकीशी बोलायचा, व्यापारी आडत्याशी, आणि एखाद्या अनोळखी देशातल्या दवाखान्यातून कुणीतरी घरच्यांशी. या दोन गोष्टींची गल्लत झाली की मला उगाचच वाईट वाटतं.

आमच्या पुणे जिल्ह्याचं हे बोलण्या-ऐकण्याचं नातं तसं जुनं आहे. १९२७ साली विलायतेशी बिनतारी संदेश सुरू झाला तेव्हा पाठवायचं केंद्र पुण्याजवळ खडकी-दिघीच्या बाजूला होतं आणि ऐकायचं केंद्र पार दौंडला. एकाच ठिकाणी का नाही? तर पाठवणाऱ्या यंत्राचा जोर इतका की शेजारी ऐकणारं ठेवलं तर त्याचे कान बसायचे. हे वाचलं तेव्हा मला फार गंमत वाटली होती. बोलायचं खडकीला, ऐकायचं दौंडला. पुढं टेलिफोन आला तोही लघुलहरींवर, आणि लघुलहरी म्हणजे वातावरणाच्या वरच्या थराच्या मर्जीवर. आवाज लाटांसारखा जवळ यायचा, लांब जायचा, मध्येच बुडायचा. परदेशी बोलायचं तर कॉल नोंदवून वाट बघत बसायचं आणि लागला की ओरडून बोलायचं. जुलै १९६९मध्ये हिंदी महासागरावरचा इंटेलसॅट सुरू झाला आणि पृथ्वीभोवतीची उपग्रहांची साखळी पुरी झाली. माणूस चंद्रावर उतरला त्याच महिन्यात. पण आपल्याकडं त्या उपग्रहाशी बोलणारं मोठं केंद्र अजून उभं राहायचं होतं. अहमदाबादला १९६७पासून एक प्रायोगिक भूकेंद्र चालू होतं, तिथं आपले इंजिनिअर शिकून तयार झाले. विक्रम साराभाईंचा आग्रह होता की हे काम आपल्या माणसांनी करावं, आणि ते आर्वीला झालं. जवळपास तीस मीटर व्यासाची तबकडी. मात्र उद्घाटनाला साराभाई नव्हते. ३० डिसेंबर १९७१ला ते गेले. युद्ध संपून दोनच आठवडे झाले होते. पुढं दोन महिन्यांनी इंदिरा गांधी आर्वीला आल्या, केंद्राला विक्रम हे नाव मिळालं आणि त्याच दिवशी टपाल खात्यानं तिकीट काढलं. ते अण्णांच्या वहीत आहे.

त्या युद्धात आमच्या पंचक्रोशीतले जे गेले होते त्यांची पत्रं अण्णांच्या हातून वाटली गेली. अण्णा सांगायचे, पत्रावर गाव नसायचं, नुसतं '५६ एपीओ', फौजेच्या टपालाचा पत्ता. माणूस राजस्थानात असो की बंगालच्या सीमेवर, पत्ता एकच. आणि तार आली तर ते स्वतः जायचे. तार वाचून दाखवायची त्यांची एक रीत होती. आधी समोरच्याला बसू द्यायचं. पाणी मागायचं, आपल्यासाठी. घरातलं कुणीतरी तांब्या आणायला उठायचं, आणायचं, अण्णा दोन घोट प्यायचे, आणि मग कागद उघडायचे. "तेवढा वेळ त्यांचा असतो," असं ते म्हणाले होते एकदा. मला तेव्हा ते कळलं नव्हतं.

तिकिटावरून मी आर्वीबद्दल वाचायला लागले आणि आर्वीवरून त्या उपग्रहाबद्दल. तो उपग्रह जागच्या जागी उभा दिसावा म्हणून विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर ठेवावा लागतो. माझ्या "कसा आहेस"ला तेवढं वर जायचं, तेवढंच खाली यायचं, तेव्हा ते दादाच्या कानात पडणार. पाऊण लाख किलोमीटर झाले. त्याचं "बरा आहे" परत त्याच वाटेनं. दीड लाखाच्या आसपास. प्रकाशाच्या वेगानं निघालं तरी या जाण्यायेण्यात अर्धा सेकंद लागतोच. त्यात कुणाचा इलाज नाही. मी वहीच्या मागच्या पानावर हा गुणाकार-भागाकार स्वतः करून पाहिला, दोनदा. आणि मग तो रविवार आठवला. "तुला आमचं काही वाटत नाही का रे?" माझा प्रश्न अजून वाटेत होता, त्याच्यापर्यंत पोचलाही नव्हता, आणि इकडं मी निकाल लावून फोन दुसऱ्याच्या हातात दिला होता.

त्या वाचनात एक गोष्ट मला फार आवडली. उपग्रहाकडून येणारा आवाज पृथ्वीवर पोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो की ऐकणाऱ्या यंत्राची स्वतःची गुणगुण त्याच्यापेक्षा मोठी ठरते. यंत्र गरम असलं की त्याच्या आतले कणच गोंगाट करतात. म्हणून आर्वीच्या काळातल्या अशा मोठ्या केंद्रांत तबकडीमागचं ते पहिलं ऐकणारं यंत्र हेलियम वायूनं गार करायचे, शून्याखाली अडीचशे अंशांपर्यंत. बाहेर जुन्नर तालुक्यातलं एप्रिलचं ऊन, रानात टोमॅटोला पाणी चाललेलं, आणि तबकडीच्या पोटात असली थंडी, कशासाठी, तर दूरचं नीट ऐकू यावं म्हणून. दादा ज्या ठाण्यावर होता तिथं रात्री पारा शून्याखाली चाळीसपर्यंत जायचा. तो सांगतो, वर इतकी शांतता असते की हेल्मेटच्या पट्ट्याचा आवाज त्रास देतो. आपलं रक्त आपल्याला ऐकू येतं.

आर्वीचं तिकीट निघालं. लष्कराच्या भूकेंद्राचं तिकीट कोण काढणार? त्यांच्या गोष्टी पन्नास वर्षांनी कळतात, त्याही तुकड्यातुकड्यानं. अमेरिकेच्या लष्करानं ॲडव्हेंट नावाच्या प्रकल्पासाठी न्यू जर्सीत फोर्ट डिक्सला आणि कॅलिफोर्नियात कॅम्प रॉबर्ट्सला साठ साठ फुटांच्या तबकड्या उभारल्या होत्या. ज्या उपग्रहासाठी त्या उभारल्या तो झालाच नाही, १९६२ साली प्रकल्प गुंडाळला. कान तयार आणि बोलणारं कुणी नाही. पुढच्या वर्षी सिंकॉम नावाचा उपग्रह गेला तेव्हा त्या तबकड्यांना काम मिळालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केनेडी वॉशिंग्टनमधून नायजेरियाच्या पंतप्रधानांशी, बालेवांशी, या उपग्रहातून फोनवर बोलले. नायजेरियाकडची तबकडी लागोसच्या बंदरात उभ्या असलेल्या एका जहाजावर होती. त्या दोघांनाही तो अर्धा सेकंद भेटलाच असणार. तेव्हाच्या इंजिनिअरांत यावर वादही होता, की एवढा उशीर माणसं सहन करतील का, उपग्रह खालीच ठेवावेत का. माणसं सवय करून घेतील असं धरून चालले. ब्रिटिशांचा स्कायनेट १ए तर आणखी विलक्षण. नोव्हेंबर १९६९मध्ये सोडलेला हा लष्करी उपग्रह आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वर ठेवला होता आणि हॅम्पशायरमधलं ओकहँगरचं केंद्र त्याच्याशी बोलायचं. थोड्याच वर्षांत तो बंद पडला. आपोआप सरकला असता तर पूर्वेकडं, हिंदी महासागराकडं यायला हवा होता. आज तो अमेरिका खंडाच्या वर आहे. कुणीतरी त्याला तिकडं जायचा आदेश दिला, आणि तो कुणी दिला याची नोंद सापडत नाही. हे वाचून मी कितीतरी वेळ नुसती बसून होते. ती मुकी वस्तू, शेवटचा निरोप घेऊन गेलेली, आणि निरोप कुणाचा ते कुणालाच माहीत नाही.

आपल्या सैन्यदलांसाठी खास उपग्रह यायला २०१३ उजाडलं. तोवर नागरी उपग्रहांवरच काम चालायचं. आधी नौदलाचा जीसॅट-७, ज्याला रुक्मिणी म्हणतात, मग २०१८मध्ये वायुदलाचा. भूदलासाठीच्या उपग्रहाचा करार झाला मार्च २०२३मध्ये. दादा तेव्हा घरी ओट्यावर बसून पेपर वाचत होता. ती बातमी त्यानं वाचली, पेपरची घडी घातली आणि "चांगलं झालं" म्हणाला. त्याच त्याच्या थांब्यानंतर.

अण्णा गेले ते नोव्हेंबर २०१५मध्ये, शनिवारी पहाटे, झोपेतच. दादाच्या युनिटला कळवलं होतं. पण वर हवामान बिघडलेलं, निरोप त्याच्या ठाण्यापर्यंत पोचला की नाही काही समजेना. रविवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला. घर माणसांनी भरलेलं. आई उठण्याच्या अवस्थेत नव्हती, वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. मी उचलला. तो नेहमीसारखाच म्हणाला, "हॅलो, कोण, तू का? अण्णांना दे ना, त्यांच्या चष्म्याचं काय झालं विचारायचंय." मी अण्णांची रीत विसरले. बस म्हणाले नाही, पाणी मागितलं नाही. म्हणाले, "दादा, अण्णा गेले."

आणि मग तो अर्धा सेकंद.

तेव्हा मला त्याचं गणित माहीत नव्हतं. आता माहीत आहे, आणि आता तो क्षण मी पुन्हा पुन्हा पाहते. माझे तीन शब्द वर निघालेत. आमच्या पत्र्याच्या वरून, आर्वीच्या वरून, ढगांच्या वरून, हवा संपते त्याच्याही वरून. इकडं खाली मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभी आहे. आणि तिकडं वर, बर्फात, माझा भाऊ चष्म्याच्या उत्तराची वाट बघत उभा आहे. अजून त्याचे वडील आहेत. शब्द उपग्रहाला लागून खाली वळलेत, अजूनही आहेत. मग मला एक श्वास ऐकू आला. मग तो म्हणाला, "कधी?" तो रडला नाही, मागं रांग होती. तेराव्याला पोचला. डोक्यावरचे केस उतरवताना न्हाव्यानं विचारलं, "पाणी गार आहे, चालेल ना?" दादा हो म्हणाला, पण इतका उशिरा की न्हाव्यानं पुन्हा विचारलं. तेव्हापासून ते त्याच्या बोलण्यात आलं असावं. की आधीपासून होतं आणि आम्ही फोनवर ढकलत होतो, हे आता सांगता येणार नाही.

तो रजा संपवून परत गेला. फेब्रुवारी २०१६मध्ये सियाचिनला हिमस्खलनात दहा जवान गाडले गेले, आणि त्यानंतर आई फोनच्या खोलीतच झोपायला लागली. ७ मार्चला महाशिवरात्र होती. सोमवार, पण त्याला वेळ मिळाला म्हणून दुपारी फोन आला, बारा-सव्वाबाराचा सुमार. आई साबुदाणा परतत होती, म्हणून मी उचलला. उपासाचं विचारलं त्यानं, भाचीच्या तापाचं विचारलं. आणि बोलता बोलता मागून एक सरसर आवाज यायला लागला. पाऊस लांबून शेतावरून येतो तसा. वाढत गेला. त्या आवाजात दादा बुडत चालला होता. शेवटचं ऐकू आलं ते एवढंच, "आईला सांग, मला..." मग नुसती सरसर, मग तीही नाही. फोन लागेना. आई कालथा हातात धरून दारात उभी. "काय म्हणाला?" मी म्हणाले, "बरा आहे म्हणाला." साबुदाणा खाली लागल्याचा वास घरभर पसरला, पण कुणी आत गेलं नाही. त्याचा पुन्हा फोन आला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. मधल्या दीड दिवसात आम्ही काय काय विचार केला ते लिहावंसं वाटत नाही.

जेवणाच्या त्या रात्रीनंतर मी हे सगळं पहिल्यांदा दादाशी बोलले. दोघंच ओट्यावर होतो. मी अण्णांची वही घेऊन गेले, आर्वीचं पान उघडलं, माझा मागच्या पानावरचा गुणाकार दाखवला. त्यानं बोट ठेवून एकेक ओळ तपासली. "बरोबर आहे," म्हणाला, "आमच्याकडून थोडं जास्त पडतं, तिरकं जातं ना." मग आपण होऊन बोलायला लागला. फोनची ती छोटी तबकडी रोज पहाटे झाडावी लागायची, मऊ कुंच्यानं, हळू, नाहीतर बर्फ गोठून बसतं आणि आवाज जातो. तिची दिशा एक बोटभर हलली तरी काही ऐकू येत नाही. "सगळ्या तबकड्यांचं तोंड दक्षिणेला," तो म्हणाला. "आपण उत्तरेकडं बघत उभे. बंदूक उत्तरेला, दुर्बीण उत्तरेला, आपण उत्तरेला. ठाण्यावर तेवढी एकच वस्तू होती जिची पाठ सरहद्दीकडं आणि तोंड घराकडं." त्याच्या पाळीला ती झाडायची वेळ आली की तो कधी कंटाळला नाही, असंही म्हणाला. मला एसटीच्या खिडकीतून दिसणारी आर्वीची ती मोठी छत्री आठवली. तीही दक्षिणेकडंच बघायची. लहानगी तिकडं, थोरली इकडं, दोघींची नजर एकाच समुद्राच्या वर.

मग मी महाशिवरात्रीचं विचारलं. तो कसला आवाज होता? दादा म्हणाला, "सूर्य." वर्षातून दोनदा, मार्चच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरात, सूर्य दुपारी बरोब्बर उपग्रहाच्या मागं येतो. तबकडी उपग्रहाकडं बघत असते, तिला त्याच्यामागचा सूर्यही दिसतो, आणि सूर्याच्या गोंगाटापुढं उपग्रहाचा आवाज तो किती. दहा-पंधरा मिनिटं सगळं बुडतं. काही दिवस रोज तसं होतं, मग सूर्य सरकतो. टीव्हीवालेही त्या दिवसांत तशी पट्टी दाखवतात. "मला माहीत होतं तसं होणार," तो म्हणाला, "पण रांग त्या वेळी रिकामी होती. म्हणून तर रिकामी होती." आणि नंतर दोन दिवस त्याची फोनची पाळी येणार नव्हती, म्हणून दुसऱ्या एकाची पाळी मागून घेतली. दीड दिवस आमच्या घरात मृत्यू येऊन बसला होता, आणि तो सूर्य होता, महाशिवरात्रीचा, रोजचाच. मला हसू आलं नाही. पण छातीत कुठंतरी एवढी वर्षं आवळून धरलेलं काहीतरी सुटल्यासारखं झालं.

आर्वीचं पुढं काय झालं तेही आम्ही बोललो. समुद्राखालून काचेच्या तंतूंच्या केबली येत गेल्या, १९९७ साली मुंबईला आलेली फ्लॅग नावाची त्यातलीच एक. केबलचा रस्ता कितीतरी जवळचा, उपग्रहाचा तो अर्धा सेकंद त्यात नाही. परदेशातली बोलणी हळूहळू तिकडं गेली. आता माझी मैत्रीण कॅनडातून बोलते तेव्हा ती शेजारच्या खोलीत असल्यासारखी वाटते, मला तिचं वाक्य मध्येच तोडता येतं, तिला माझं. डोंगरात, समुद्रात, बर्फात मात्र अजूनही उपग्रहच लागतो. जिथं माणूस खरोखर लांब आहे तिथं.

वही मिटता मिटता मी विचारलं, "त्या दिवशी 'आईला सांग, मला' म्हणालास आणि तुटलं. काय सांगायचं होतं?"

दादा थांबला. या वेळी मी "हॅलो" म्हणाले नाही. समोरच्या लिंबावर चिमण्यांचा गलका चालला होता, रस्त्यानं एक ट्रॅक्टर ट्रॉली खडखडवत गेला, तो वळणापलीकडं दिसेनासा झाला, आवाजही गेला. दादा तिकिटाकडं बघत होता. वीस पैसे. आपली आर्वी.

"पायमोजे," तो म्हणाला. "दोन जोड पाठवायला सांग, म्हणणार होतो. मिळालेले होते आमच्याकडं, सरकारी, चांगले होते. पण आईच्या हातचे हवे होते."

आई आत तांदूळ निवडत बसली होती. तिला आता कमी ऐकू येतं असं आम्ही सगळे धरून चालतो. बराच वेळ ताटातल्या तांदळाचा आवाज तेवढा येत राहिला. मग तोही थांबला.

"जाड लोकरीचे, की बारीक?" आईनं आतून विचारलं.

दादानं दाराकडं पाहिलं.

"जाड," तो म्हणाला.